खुराक आणि घड्याळ : मध्यम पल्ल्याच्या धावेवरील एका पुस्तकाची प्रस्तावना

बळ हे खाऊन मिळवायचे असते, ही आपल्याकडची समजूत तालमीतून आलेली आहे, आणि तालमीपुरती ती खोटीही नव्हती. कोल्हापूर दरबाराच्या आश्रयाने लाल मातीतील कुस्तीला वैभव प्राप्त झाले त्या काळात पैलवानाचा मोठेपणा त्याच्या डावपेचांइतकाच त्याच्या खुराकावरून जोखला जाई. दुधाचा रतीब किती, तूप किती, थंडाईत बदाम किती, याचा तपशील लोक कौतुकाने एकमेकांना ऐकवीत. जेथे जोडीदाराला अंगाखाली दाबून ठेवायचे आणि शरीराचा भार हेच भांडवल, तेथे त्या भाराची जोपासना करणे शहाणपणाचेच होते. परंतु हाच संस्कार बरोबर घेऊन एखादा मुलगा आठशे किंवा पंधराशे मीटरच्या शर्यतीकडे वळतो, आणि घरची वडीलधारी माणसे मोठ्या जिव्हाळ्याने त्याला “खुराक काय चालू आहे रे?” असे विचारतात, तेव्हा घोटाळ्याला तेथूनच प्रारंभ होतो, कारण या मुलाला आपल्या अंगावरचे प्रत्येक शेर मांस मैदानाभोवती दोन, नाहीतर पावणेचार फेऱ्या वाहून न्यायचे असते, आणि घड्याळाला छातीच्या घेराशी काही कर्तव्य नसते.

हा घोटाळा केवळ पदकांच्या मागे लागलेल्या मूठभर धावपटूंचा असता, तर त्यासाठी मराठीत स्वतंत्र पुस्तकाचे प्रयोजन कदाचित पडले नसते. परंतु महाराष्ट्रात मध्यम पल्ल्याची धाव ही आता क्रीडांगणापेक्षा पोलीस भरतीची बाब झाली आहे. शिपाईपदाच्या शारीरिक चाचणीत मुलांना सोळाशे आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते, आणि त्या काही मिनिटांवर घरादाराच्या आशा टांगलेल्या असतात. पहाटे तालुक्याच्या रस्त्यांवरून रांगेने धावणारी ही मुले कोणत्याही क्रीडासंघटनेच्या दप्तरी नोंदलेली नसतात. त्यांना आहारतज्ज्ञ नसतो, वैद्य नसतो, आणि बहुतेक वेळा सल्लागार म्हणून लाभतो तो पूरक पदार्थांचे डबे विकणारा दुकानदारच. प्रस्तुत पुस्तकाचे कर्ते ज्यांच्यासाठी लिहीत आहेत ते वाचक मुख्यतः हे होत, आणि ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढील पाने वाचली, तर काही ठिकाणी त्यांचा स्वर इतका कठोर का होतो याचा उलगडा होईल.

मध्यम पल्ला ही मोठी अवघड जागा आहे. शंभर मीटर धावणारा स्नायूंत आधीच साठलेल्या शक्तीवर निभावून नेतो. मॅरेथॉन धावणारा श्वास आणि श्रम यांचा मेळ घालीत दोन-अडीच तास काढतो. आठशे मीटर धावणाऱ्याला मात्र या दोहोंपैकी एकाही मार्गाने सुटका नाही. शरीरशास्त्रज्ञांच्या मोजणीप्रमाणे त्याला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग प्राणवायूच्या साहाय्याने आणि उरलेला त्याच्यावाचून निर्माण होतो. पंधराशे मीटरला प्राणवायूचा वाटा चार-पंचमांशांच्या घरात जातो. आर्चिबाल्ड हिल या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने, ज्याला स्नायूंतील उष्णतेच्या संशोधनाबद्दल १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि जो स्वतः हौसेने धावत असे, या प्राणवायूवाचूनच्या भागाला ऋण म्हटले : धावताना उचल करावयाची आणि थांबल्यावर धापा टाकीत ती फेडावयाची. त्याच्या सिद्धांतातील पुष्कळसा तपशील पुढील संशोधनाने बदलला. तथापि ती सावकारी परिभाषा धावपटूंना आजही पटते, कारण पहिल्या फेरीत ज्याने मोठी उचल केली त्याच्याकडे दुसऱ्या फेरीत वसुलीचा तगादा लागतोच लागतो. ९ ऑगस्ट २०१२ रोजी लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत केनियाच्या डेव्हिड रुडिशाने आठशे मीटरचा १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याची पहिली फेरी ४९.२८ सेकंदांची आणि दुसरी ५१.६३ सेकंदांची झाली. जगाच्या इतिहासातील सर्वोत्तम धावसुद्धा उत्तरार्धात मंदावली होती. आपल्या श्रीराम सिंगांची कथा याहून बोलकी आहे. १९७६ साली मॉन्ट्रियल येथील अंतिम शर्यतीत, जिचे सुवर्णपदक क्यूबाच्या अल्बर्टो हुआंतोरेनाने १ मिनिट ४३.५० सेकंदांच्या विश्वविक्रमासह पटकावले, घंटा वाजली त्या वेळी सर्वांच्या पुढे धावत होता तो हा राजपुताना रायफल्सचा सैनिक. त्याची पहिली फेरी ५०.८५ सेकंदांची होती. दुसरीला जवळजवळ ५५ सेकंद लागले आणि तो सातवा आला. पण त्या दिवशीची १ मिनिट ४५.७७ सेकंद ही वेळ भारतीय विक्रम म्हणून ४२ वर्षे अबाधित राहिली आणि २०१८ साली जिन्सन जॉन्सनने गुवाहाटीला ती मोडली, तीही सेकंदाच्या जेमतेम आठव्या हिश्शाने.

या दुसऱ्या फेरीत नेमके काय होते, हे समजल्यावाचून पूरक पदार्थांची चर्चा करणे व्यर्थ होय. मैदानावरची मुले त्याला ‘पाय भरले’ असे म्हणतात. तिसऱ्या दोनशे मीटरांत कधीतरी मांड्यांत दाह सुरू होतो, गुडघे उचलले जाईनासे होतात, खांदे वर चढतात, मान ताठरते, आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर धावपटूला आपण चिखलातून चाललो आहोत असा भास होतो. स्नायूंत साखरेचे वेगाने विघटन होताना तेथे आम्लता साठते आणि तिच्यामुळे स्नायूंचे आकुंचन मंदावते. लॅक्टिक ॲसिडला यापायी पुष्कळ वर्षे खलनायक ठरविण्यात आले. वास्तविक लॅक्टेट हे शरीर इंधन म्हणून पुन्हा वापरते, हे आता प्रस्थापित झाले आहे. पण आम्लतेचा जाच खराच. रक्तातील बायकार्बोनेट हा क्षार ही आम्लता शोषून घेतो, आणि त्याचा साठा रक्तात जितका अधिक, तितकी स्नायूंतून बाहेर पडणाऱ्या आम्लतेला वाट मोकळी.

आता हा बायकार्बोनेट म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा! ढोकळा फुगविणारा हा जिन्नस धावपटूच्या कामी येऊ शकेल, ही कल्पना काही काल-परवाची नाही. १९३१ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फटीग लॅबोरेटरीतील डेनिग, टॉलबट, एडवर्ड्स आणि डिल या संशोधकांनी, रक्त आम्लधर्मी वा क्षारधर्मी केल्यास कष्ट करण्याच्या शक्तीवर काय परिणाम होतो, याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. खुद्द आठशे मीटरवरचा प्रयोग १९८३ साली विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. सहा कसलेल्या धावपटूंना वजनाच्या दर किलोमागे ०.३ ग्रॅम या प्रमाणात सोडा देऊन धावविले असता त्यांची सरासरी वेळ २ मिनिटे २.९ सेकंद आली. निरुपद्रवी चूर्ण देऊन धावविले तेव्हा ती २ मिनिटे ५.१ सेकंद होती. फरक २.२ सेकंदांचा, त्या गतीला मैदानावर तो सुमारे चौदा मीटर होतो. लंडनच्या ज्या शर्यतीचा वर उल्लेख केला, तिच्यात पहिल्या आणि आठव्या क्रमांकांत मिळून २.८६ सेकंदांचे अंतर होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याने प्रशिक्षकांचे डोळे का विस्फारले असतील याची कल्पना येते.

अर्थात सहा माणसांच्या प्रयोगावर कोणी फर्मान काढू नये. नंतरच्या प्रयोगांत लाभ पुष्कळदा याहून लहान दिसला, आणि काहींत दिसलाच नाही. शिवाय सोड्याचे सेवन ही काय चीज आहे, हे ज्याने पाहिले नाही त्याला त्याचे अप्रूप वाटण्याचा संभव आहे. साठ किलो वजनाच्या मुलाला अठरा ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट भरलेले जवळजवळ चार चमचे, शर्यतीआधी तास-दीड तास पोटात घालावे लागतात. चव खारट आणि साबणासारखी. जठरातील आम्लाशी त्याची गाठ पडताच कर्बवायू सुटतो, पोट डमरूसारखे ताणते, ढेकरांवर ढेकर येतात, मळमळते. कित्येकांना त्यानंतर शौचालयाच्या आसपासच राहावे लागते. पोटाची अशी दैना झालेला मुलगा प्रारंभरेषेवर उभा राहिला, तर रक्तातला क्षार त्याला कितपत तारणार? त्यातच त्या अठरा ग्रॅमांत जवळजवळ पाच ग्रॅम सोडियम असते, जे मिळविण्यास साडेबारा ग्रॅम मीठ खावे लागेल. आणि प्रौढ माणसाने दिवसाकाठी पाच ग्रॅमांहून कमी मीठ खावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. रक्तदाबाचा वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने या वाटेला जाऊच नये. मात्रा थोडी थोडी करून, जेवणाबरोबर घेतल्यास त्रास कमी होतो. आणि सरावाच्या दिवशी आपल्या पोटाची परीक्षा घेतल्यावाचून शर्यतीच्या दिवशी कोणीही हे धाडस करू नये, असे ग्रंथकर्त्यांनी पुनःपुन्हा बजावले आहे ते योग्यच आहे.

सोड्याच्याच संदर्भात आणखी एका प्रयोगाची हकीकत सांगण्याचा मोह मला आवरत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात धावपटूंना हजार मीटर धावविण्यात आले. सोडा दिला असे सांगून प्रत्यक्षात न दिल्यावरही त्यांची वेळ सुधारली, आणि प्रत्यक्षात देऊन तो दिला नाही असे सांगितल्यावर मात्र उल्लेखनीय सुधारणा झाली नाही. विश्वासाचा अंमल शरीरावर किती चालतो, याचा हा दाखला; आणि बाजारातील निम्म्याअधिक डब्यांच्या कीर्तीचे रहस्यही बहुधा येथेच असावे. मुलगा डब्यावर घरचे पैसे खर्च करतो, म्हणून त्याच्या गुणावर त्याचा विश्वास बसतो, म्हणून तो चार दिवस जोमाने सराव करतो, आणि मग त्या सरावाचे श्रेय डब्याच्या खाती जमा होते.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१८ साली तज्ज्ञांचे जे एकमत प्रसिद्ध केले, त्यात खेळातील कामगिरी प्रत्यक्ष वाढविण्याबाबत ज्यांच्या बाजूने भरीव पुरावा आहे असे पदार्थ अवघे पाच सांगितले आहेत : कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-ॲलनिन आणि बायकार्बोनेट. यांपैकी एक वाण्याच्या दुकानात मिळतो, एक कॉफीत असतो, एक बीट आणि पालक यांत असतो. पुराव्याचे वजन आणि डब्याची किंमत यांचे प्रमाण या क्षेत्रात बहुधा व्यस्त असते, हे या पुस्तकातले मला सर्वांत मोलाचे वाटलेले निरीक्षण आहे. दुकानांतील फळ्यांवर ज्या शेकडो चूर्णांची आरास मांडलेली असते, त्यांतील बहुतेकांना या यादीत स्थान नाही.

कॅफीनविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. वजनाच्या दर किलोमागे तीन मिलिग्रॅम, तासभर आधी, इतके पुरते. एके काळी त्यावर बंधन होते, ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००४ पासून उठविले. संध्याकाळी प्राथमिक फेरी आणि दुसऱ्या दिवशी अंतिम फेरी असेल, तर मात्र कॉफीने उडवलेली झोप हा तोट्याचा सौदा ठरतो. बीटाला ग्रंथकर्त्यांनी दिलेली पाने मला किंचित अधिक वाटली. इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठात २००९ साली झालेल्या प्रयोगापासून बीटाचा रस प्रसिद्धीस आला. त्यातील नायट्रेटचे रूपांतर तोंडातील जिवाणू करतात, त्यामुळे जंतुनाशक गुळण्या करणाऱ्याला त्याचा लाभ होत नाही, ही मौज वाचनीय खरी. पण धावपटू जितका कसलेला, तितका हा लाभ क्षीण होत जातो, हेही तेथेच अधिक ठळकपणे यावयास हवे होते.

बीटा-ॲलनिन आणि क्रिएटिन यांचा विचार आपल्या वाचकांनी निराळ्या दृष्टीने करावा. बीटा-ॲलनिनपासून स्नायूंत कार्नोसिन तयार होते, आणि सोडा जे काम रक्तात करतो तेच काम कार्नोसिन स्नायूच्या आत करते. परंतु त्यासाठी आठवडेच्या आठवडे रोज थोडी थोडी मात्रा घ्यावी लागते, आणि ती एकदम घेतल्यास चेहऱ्याला नि हातांना मुंग्या येतात. कार्नोसिन काय आणि क्रिएटिन काय, आहारातून ते मिळते मांस-मासळीतून. म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंत दोहोंचा साठा स्वभावतःच कमी असतो आणि पूरक मात्रेचा परिणाम त्याच्या बाबतीत अधिक दिसण्याचा संभव असतो. ज्या समाजात मोठा वर्ग शाकाहारी आहे, तेथे या एका मुद्द्यावर परदेशी पुस्तके जशीच्या तशी उतरवून चालणार नाही. पण क्रिएटिनने सुरुवातीच्या आठवड्यातच किलो-दोन किलो वजन वाढू शकते, ते मुख्यतः पाण्याचे. तालमीत ज्याचे स्वागत झाले असते ते वजन येथे पावणेचार फेऱ्या पाठीवर घेऊन पळायचे असते. आठशे मीटरवाल्याला ते कदाचित परवडेल, पंधराशेवाल्याने आधी नीट विचार करावा.

पूरक आहाराच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की ते प्रत्येक प्रशिक्षकाने वाचले पाहिजे. १९९३ साली चीनच्या लिआओनिंग प्रांतातील मा जुनरेन या प्रशिक्षकाच्या शिष्यांनी मध्यम व लांब पल्ल्यांच्या स्त्रियांच्या शर्यतींत असा कहर केला की जग थक्क झाले. त्या वर्षी सप्टेंबरात बीजिंग येथे छू युनशियाने पंधराशे मीटर ३ मिनिटे ५०.४६ सेकंदांत धावून केलेला विक्रम २०१५ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. या अचाट पराक्रमाचे कारण विचारले असता मा जुनरेन यांनी कठोर सरावाबरोबर कासवाचे रक्त आणि हिमालयात ज्याला कीडाजडी म्हणतात त्या बुरशीचा काढा यांचे नाव पुढे केले, आणि दोन्हींना गिऱ्हाइके मिळाली. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपूर्वी रक्ततपासणीत संशयास्पद निष्कर्ष आल्यामुळे त्यांच्या अनेक धावपटूंना चिनी पथकातून वगळण्यात आले. आणि २०१६ साली उजेडात आलेल्या एका पत्रात त्यांच्याच शिष्यांनी आपणांस निषिद्ध औषधे घेण्यास भाग पाडले जात होते अशी कैफियत मांडली होती. काढ्याची ती कथा किती जणांनी खरी मानली असेल कोण जाणे. कोठल्याही अपूर्व यशामागे एखादी मुळी वा भुकटी आहे असे ऐकले की मनुष्याची चिकित्सा कशी झोपी जाते, हे मात्र त्यावरून दिसते.

अशा झोपेचा फायदा घेणाऱ्या बाजाराचे वर्णन पुस्तकाच्या उत्तरार्धात आहे, आणि ते वाचून वाचकाला धास्ती वाटली तर ती अस्थानी म्हणता येणार नाही. जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने तेरा देशांतून विकत घेतलेल्या ६३४ पूरक पदार्थांची तपासणी करून २००४ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे त्यांतील ९४ पदार्थांत, म्हणजे शेकडा १४.८ मध्ये, वेष्टनावर ज्यांचा उल्लेख नाही अशी स्नायुवर्धक संप्रेरके आढळली. उत्तेजकविरोधी नियमांचा शिरस्ता असा आहे की, नमुन्यात निषिद्ध पदार्थ सापडला की जबाबदारी धावपटूची. तो डब्यातून नकळत आला असेल तर तसे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच, आणि शिक्षा चार वर्षांच्या बंदीपर्यंत जाऊ शकते. भारतात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था २००५ पासून आहे, तिला २०२२ च्या कायद्याने वैधानिक अधिष्ठान मिळाले, आणि पूरक अन्नपदार्थांविषयीचे नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली केले. कागदोपत्री बंदोबस्त आहे. परंतु सुटे चूर्ण प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, त्यावर कसलाही मजकूर न छापता, केवळ ओळखीच्या भरवशावर जे विकले जाते, त्याच्यापर्यंत हा बंदोबस्त कसा पोचणार? किमान बंद डबा, त्याचा समूहक्रमांक आणि खरेदीची पावती जपून ठेवावी, ही ग्रंथकर्त्यांची सूचना क्षुल्लक वाटेल. पण प्रसंग ओढवला तर चौकशीपुढे ठेवण्यासाठी धावपटूच्या हाती एवढाच पुरावा असतो.

शेवटी लोहाविषयी. ग्रंथकर्त्यांनी ते प्रकरण अखेरीस घातले आहे, कदाचित त्यात कोणतेही नवल नाही म्हणून. माझ्या मते मराठी वाचकाने, विशेषतः मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी, तेच प्रथम उघडावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या देशातील १५ ते ४९ वयोगटातील शेकडा ५७ स्त्रियांत पंडुरोग आहे. ज्या शर्यतीत दोन-तृतीयांश वा त्याहून अधिक शक्ती प्राणवायूवर अवलंबून आहे, तेथे प्राणवायू वाहून नेणारे रक्तच अपुरे असेल, तर सोडा, बीट, कॉफी यांनी काय साधणार? धावणाऱ्या मुलीचे लोह मासिक पाळीत जाते, घामात थोडे जाते, तळपायांच्या आघाताने फुटणाऱ्या रक्तपेशींबरोबर जाते. आणि भर म्हणून कठोर सरावानंतर काही तास शरीरच आतड्यांतून लोह शोषण्यास आडकाठी करते. अशा मुलीची वेळ हळूहळू खालावते, जिना चढताना धाप लागते, आणि घरचे म्हणतात, हिला आता कंटाळा आला. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली जुनी चाल लोहाच्या दृष्टीने उत्तम आहे, कारण आंबट फळांतील क जीवनसत्त्व वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढवते. आणि त्याच पोह्यांवर लगोलग घेतलेला चहा ते शोषण तितक्याच तत्परतेने घटवतो. चहा तासाभराने घ्यावा. मेथी, अहळीव, कडधान्ये, ज्यांना चालते त्यांनी मांस, हे सारे ओघाने आलेच. लोहाच्या गोळ्या मात्र हिमोग्लोबिन आणि फेरिटिन यांची तपासणी झाल्यावाचून कोणीही घेऊ नयेत, कारण शरीराला जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय नाही. ही तपासणी तालुक्याच्या गावीही होते. भरतीच्या मैदानाची तारीख लागण्यापूर्वी निदान तीन महिने ती करून घ्यावी, म्हणजे उणीव आढळलीच तर ती भरून निघण्यास अवधी राहतो.